आठ सेकंदांची शिदोरी

पोरी, दसऱ्याला तुझी नवी गाडी दारात आली. झेंडूचा हार झाला, चाकाखाली लिंबू झालं, आजीने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सगळे श्रीखंड-पुरीला बसले तेव्हा मी तुझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि गाडी आतून पाहून आलो. अत्तराची बाटली आहे, मोबाइलचा स्टँड आहे, काच पुसायचं फडकं आहे. डिकीत सीएनजीची टाकी आहे, जॅक आहे. आग विझवायचा लाल सिलिंडर मात्र कुठे दिसला नाही. जेवताना मी काही बोललो नाही, सणाच्या दिवशी आगीचं नाव कशाला काढायचं. आज निवांत लिहितो.

तुला माहीत आहे, मी चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात काढली. त्यातली बरीच वर्षं कारखान्याच्या अग्निशमन पथकातही होतो. तिथे आमचे जे फोरमन होते त्यांना आम्ही वस्ताद म्हणायचो. त्यांनी हातात पाना द्यायच्या आधी नोझल धरायला शिकवलं. त्यांच्याकडून जे ऐकलं, त्यात माझ्या चुकांनी जी भर पडली, ते सगळं आता तुझ्या कानात घालतो. ऐकून सोडून देऊ नकोस.

१. सिलिंडर गाडीसाठी नसतो, माणसांसाठी असतो

वस्तादांचं पहिलं वाक्य हेच असायचं. १ किलोचा पावडरचा सिलिंडर पूर्ण दाबून धरला तर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. मनातल्या मनात दहा आकडे मोजून बघ, संपला. अख्खी पेटलेली गाडी तेवढ्यात विझत नाही. मग या सेकंदांचा उपयोग काय? बॉनेटखाली वायर नुकतीच धुमसायला लागली असेल तर आग तिथल्या तिथे मरते. आणि आग वाढलेली असेल तर तिला क्षणभर मागे रेटून मागच्या सीटवरच्या लेकराचा पट्टा सोडवता येतो. प्रवासाला निघताना आपण शिदोरी बांधून घेतो, वाटेत काही मिळालं नाही तर उपाशी राहायला नको म्हणून. ही तशीच शिदोरी आहे, सेकंदांची. गाडीचा विमा तू उतरवला आहेस. तिची काळजी विमा कंपनीला करू दे.

१३ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ आठव. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका कंटेनरने पुढच्या गाड्यांना धडका दिल्या, दोन अवजड वाहनांच्या मध्ये एक मोटार सापडली आणि भडका उडाला. किमान आठ जीव गेले. तसल्या आगीपुढे आपल्या सिलिंडरचं काही चालत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. त्या उतारावर तुला वाचवणार ते वेग आणि अवजड गाडीपासून राखलेलं अंतर. सिलिंडर आहे म्हणून कुठे धाडस करायचं नाही. तो लहान आगीचा सोबती आहे, आणि गाडीतली बहुतेक आग सुरुवातीला लहानच असते.

२. आगीची जात ओळख, मग पावडर निवड

आपल्याकडे आगीचे वर्ग अक्षरांनी ओळखतात. ए म्हणजे लाकूड, कापड, रबर, फोम अशा घन वस्तूंची आग. बी म्हणजे पेट्रोल, डिझेल, ऑइल यांची. सी म्हणजे गॅसची आणि डी म्हणजे धातूंची. तुझ्या गाडीत पहिल्या तिन्ही एकाच छपराखाली नांदतात: सीट आणि टायर, पेट्रोलची टाकी, सीएनजी. म्हणून तुला एबीसी पावडरचाच सिलिंडर हवा. दुकानदाराने दुसरं काही पुढे केलं तर नको म्हण.

या पावडरीत मोनो अमोनियम फॉस्फेट नावाचं द्रव्य असतं. ते तापलं की वितळतं आणि जळत्या वस्तूवर साय धरल्यासारखा थर बसतो. त्यामुळे विझलेली सीट पुन्हा धुमसत नाही. डब्यावर या द्रव्याचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं. बाजारात ५० टक्क्यांचा मिळतो आणि ९० टक्क्यांचाही. चार पैसे जास्त पडले तरी ९० चा घे. बीसी लिहिलेला स्वस्त सिलिंडर दिसेल. त्यात मुख्यतः आपल्या खायच्या सोड्याचाच प्रकार असतो. पेट्रोलची ज्वाळा तो झटकन मारतो, पण फोमच्या पोटात निखारा राहिला तर दोन मिनिटांनी सीट पुन्हा पेटते.

पावडर वीज वाहून नेत नाही, म्हणून बॅटरीच्या वायरवर मारायला भीती नाही. पाण्याचं मात्र लक्षात ठेव. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत आग दूरवर घेऊन जातं. बॉनेटमधून ज्वाळा दिसली की लोक मदतीला म्हणून बिसलरीच्या बाटल्या घेऊन धावतात. त्यांना हात जोडून थांबव.

कोणी सांगेल की कार्बन डायऑक्साइडचा घे, मागे घाण राहत नाही. ऑफिसातल्या विजेच्या पॅनेलजवळ तो उत्तम. आम्हीही तिथे तोच टांगायचो. पण तो गॅस आहे. उघड्या रस्त्यावर, घाटातल्या वाऱ्यात तो आगीवर टिकत नाही. त्याची जाड पोलादी बाटली जड असते, आणि बंद गाडीत सोडला तर आतल्या माणसाचा श्वास कोंडतो. क्लीन एजंट नावाचे सिलिंडरही मिळतात. ते मागे काही ठेवत नाहीत, इंजिनाला त्रास देत नाहीत, पण महाग असतात आणि भरून देणारे सगळीकडे नसतात. माझं मत विचारशील तर एबीसी पावडर. पसारा होतो, साफ करावा लागतो. तो पसारा परवडला.

परदेशी बनावटीचा डबा कोणी भेट दिला तर त्यावरची अक्षरं सांभाळून वाच. अमेरिकेत सी या अक्षराचा अर्थ विजेची आग असा होतो, आपल्याकडे गॅसची. तुझी गाडी सीएनजीची, तेव्हा अक्षर आपल्या हिशेबाने जुळायला हवं.

३. वजन घरातल्या सगळ्यात अशक्त हाताचं धर

दुकानात गेलीस की अर्धा किलो, १ किलो, २ किलो असे मांडलेले दिसतील. हे वजन आतल्या पावडरचं. डबा, झडप, गॅस धरून उचलायचं वजन त्याहून बरंच जास्त भरतं. मोठा घेतला तर जास्त वेळ चालेल हे खरं. पण वस्ताद विचारायचे, "उचलणार कोण?"

गाडी तू चालवतेस. पण आग लागेल तेव्हा तू स्टिअरिंगवर असशील, गाडी कडेला घेत असशील. सिलिंडर काढायची पाळी कदाचित शेजारी बसलेल्या तुझ्या आईवर येईल, किंवा आजीवर. आजीचा उजवा खांदा दुखतो हे तुला माहीत आहे. म्हणून दुकानात जाताना तिला बरोबर घेऊन जा. तिच्या हातात दे. तिला एका हाताने तो उचलता येतो का, मुठीत हँडल मावतं का, पिनेच्या कडीत बोट जातं का, ते बघ. तिला जमला तो सगळ्यांना जमला. तुझ्या गाडीला १ किलोचा पुरे. सात-आठ माणसांची मोठी गाडी असती तर २ किलोचा घे म्हटलं असतं, किंवा पुढे एक आणि मागे एक असे १ किलोचे दोन.

४. दुकानात पाच गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत, अग्निसुरक्षेचं सामान विकणारी दुकानंही शहरात आहेत. कुठेही जा, पण डबा हातात घेऊन हे बघ.

पहिलं, आयएसआयची खूण. त्या खुणेवर आयएस १५६८३ हा आकडा असला पाहिजे, तो हातात उचलायच्या अग्निशामकांसाठीचा भारतीय मानक क्रमांक आहे. खुणेखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकलास की परवाना कोणाचा, चालू आहे की नाही, ते दुकानातच कळतं. नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवू नकोस.

दुसरं, दाबाचं गेज. काटा हिरव्या पट्ट्यात हवा. लाल भागात असेल तर दुकानदार म्हणेल, हलवलं की येतो वर. काटा हलवून वर येत नसतो. दुसरा डबा माग.

तिसरं, तारीख. बनवल्याचं साल डब्यावर असतं. दोन-तीन वर्षं दुकानात धूळ खात पडलेला माल नको. पावडरच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात. त्यातली दुकानाच्या फळीवर गेलेली वर्षं तुला कोणी परत देणार नाही.

चौथं, पिन आणि सील. पिनेला प्लास्टिकचं बारीक सील हवं. ते तुटलेलं असेल तर कोणीतरी पिन काढून बघितली असण्याची शक्यता आहे. झडप धातूची आहे ना, नोझलच्या तोंडात कोळ्याचं जाळं किंवा कचरा नाही ना, तेही बघून घे.

पाचवं, गाडीत बसवायचं ब्रॅकेट. भिंतीवर टांगायचा नुसता हूक चालत नाही. धातूचा पट्टा असलेलं, एका खटक्यात उघडणारं ब्रॅकेट माग.

डब्यावर १ए, २१बी असे आकडे दिसले तर त्यांचाही अर्थ सांगतो. अक्षर आगीचा वर्ग सांगतं आणि आकडा त्या वर्गाची किती मोठी आग तो डबा चाचणीत विझवतो ते सांगतो. सारख्याच वजनाचे दोन डबे समोर आले तर आकडा मोठा तो घे.

परफ्युमच्या बाटलीसारखे छोटे फवारे हल्ली खूप दिसतात. सुबक असतात, ग्लासच्या खाचेत बसतात. त्यांच्यावर ना गेज, ना पुन्हा भरायची सोय. आत दाब उरला आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. आयएसआय सिलिंडर टाकीभर पेट्रोलपेक्षा कमी पैशांत येतो. इथे बचत करू नकोस.

५. सिलिंडर "होता" म्हणू नकोस, हाताशी होता का ते सांग

हे शिकायला मला किंमत मोजावी लागली. १९९३ चा मे महिना होता. खंबाटकीचा बोगदा तेव्हा झालेला नव्हता. मित्राची जुनी गाडी घेऊन आम्ही साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. मागे तुझी आजी, तिच्या मांडीवर तुझी आत्या, शेजारी तुझे बाबा, वय वर्षं सात. घाट चढताना बॉनेटच्या फटीतून धूर आला. मी गाडी डोंगराच्या बाजूला लावली, सगळ्यांना उतरवलं. माझ्याकडे सिलिंडर होता. कारखान्यात रोज लोकांना शिकवणारा माणूस मी, माझ्याकडे असणारच. तो होता डिकीत. त्याच्यावर कपड्यांची ट्रंक, आहेराची भांडी, दोन पेट्या आंबे. मी एकेक वस्तू रस्त्यावर उतरवत होतो आणि डोळ्यांसमोर धुराचा रंग पांढऱ्याचा काळा होत होता. मागून एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने आपल्या पायाजवळचा सिलिंडर खेचून काढला आणि क्लीनरने बॉनेट जेमतेम चार बोटं उचललं. अर्ध्या मिनिटात आग विझली. माझा सिलिंडर तेव्हाही ट्रंकेखालीच होता.

परत आल्यावर वस्तादांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "होता म्हणू नकोस. हाताशी होता का ते सांग." तो प्रश्न आजही कानात आहे.

म्हणून डिकीत कधीही नाही. तुझ्या डिकीत तर सीएनजीची टाकी आहे, आग तिथेच असली तर सिलिंडर आणायला आगीतच जावं लागेल. मागच्या काचेजवळच्या फळीवरही नाही, जोरात ब्रेक लागला तर तो डबा माणसाच्या डोक्यात बसेल. ड्रायव्हरच्या पायांजवळ सुटा ठेवायचा तर विचारही नको, घरंगळून ब्रेकखाली अडकला की घात होईल. डॅशबोर्डवर उन्हात नको. डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुतेकांवर ५५ अंश. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ४० च्या आसपास जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्या मर्यादेच्या फार पुढे तापतो.

बरोबर जागा म्हणजे पुढच्या डाव्या सीटच्या पुढच्या कडेखाली, आडवा, ब्रॅकेटमध्ये घट्ट, हँडल दाराकडे. दार उघडून बाहेर उभं राहूनही हात पोहोचला पाहिजे. सगळ्या गाड्यांत सीटखाली सारखी जागा नसते, म्हणून खरेदीच्या आधी टेप लावून उंची मोज. ब्रॅकेट बसवताना गॅरेजवाल्याला सांग, सीटखालून वायरी जातात, स्क्रू मारताना जपून. आणि सीट पुढेमागे सरकवून बघ, डब्याला घासता कामा नये.

६. वेळ आली तर क्रम चुकवू नकोस

धूर दिसला की आधी गाडी कडेला, मग इंजिन बंद, हँडब्रेक, मग सगळे खाली. सिलिंडर त्यानंतर. माणसं आत असताना आगीशी खेळत बसायचं नाही. लेकरं आणि म्हातारी माणसं गाडीपासून शंभर पावलं लांब, रस्त्याच्या कठड्यापलीकडे, आणि एकाने लगेच १०१ किंवा ११२ लावायचा. पुण्याच्या अग्निशमन दलाचं मुख्य केंद्र भवानी पेठेत आहे, उपनगरांतही केंद्रं आहेत, जवान निघायला वेळ लावत नाहीत. पण संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरून बंब काढणं किती अवघड आहे ते तू रोज बघतेस. म्हणून फोन आधी, बाकी नंतर. फोनवर जागा नेमकी सांग: कुठला पूल, कुठल्या दिशेची बाजू. सीएनजीची गाडी आहे हेही सांग.

मग सिलिंडर. चार शब्द पाठ कर: ओढ, रोख, दाब, फिरव. पिन ओढ. नोझल ज्वाळेच्या बुडाशी रोख, वरच्या जिभांवर पावडर फुकट जाते. हँडल दाब. आणि झाडू मारतो तसं डावीउजवीकडे फिरव. वारा पाठीशी घे, सहा-सात फुटांवरून सुरुवात कर आणि आग बसेल तशी पुढे सरक. गाडीच्या अगदी समोर उभी राहू नकोस, जरा तिरपी राहा. तापलेला टायर फुटतो, बंपरमधले भागही उडतात. विझल्यावर पाठ फिरवू नकोस, तोंड आगीकडे ठेवूनच मागे ये.

आग बॉनेटखाली असेल तर बॉनेट उघडायचं नाही. पूर्ण उघडलं की आत भसकन हवा जाते आणि ज्वाळा तोंडावर येते. खंबाटकीच्या त्या क्लीनरने केलं तसं, आतला खटका ओढून फट पडली की तेवढ्यातून पावडर मार. फट पडत नसेल तर पुढच्या जाळीतून मार. बॉनेटचा पत्रा तापलेला असतो, उघड्या हाताने धरू नकोस.

दारांचंही सांगतो. १९ मार्च २०२५ ला हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणारी एक मिनीबस पेटली, त्यात चौघं गेले. आग मुद्दाम लावल्याचं पोलिसांनी नंतर सांगितलं. माझ्या मनात मात्र राहिलं ते मागचं न उघडलेलं दार. आग वायरिंगपर्यंत गेली की काचेची बटणं आणि कुलपं दगा देऊ शकतात. म्हणून सिलिंडरशेजारीच काच फोडायची आणि पट्टा कापायची छोटी हातोडी ठेव. काच मध्यावर मारून फुटत नाही, कोपऱ्याजवळ मार. पुढची मोठी काच दोन थरांची असते, तिच्यावर वेळ घालवू नकोस, बाजूची फोड.

७. हात कधी आखडायचा तेही शीक

वस्ताद म्हणायचे, पळायचं कधी हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात नोझल देऊ नये. आग सीटपर्यंत आली असेल, पेट्रोल रस्त्यावर वाहत पेटलं असेल, एक सिलिंडर संपूनही ज्वाळा उभी असेल, तर मागे फिर. दुसरा आणायला परत जाऊ नकोस. जळत्या गाडीचा धूर विषारी असतो, दोन श्वासांत माणूस गोंधळतो.

सीएनजीचं वेगळं. टाकीत साधारण २०० बार दाबाने गॅस भरलेला असतो. टाकीजवळ एक बंद करायची झडप असते, ती कुठे आहे ते गॅरेजवाल्याकडून हाताने फिरवून शिकून घे. गळतीचा वास आला आणि आग नसेल तर इंजिन बंद करून, सगळ्यांना उतरवून, झडप बंद करायची आणि डिकी उघडी ठेवायची. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. एलपीजी जड असतो, तो खाली साचतो. पण पेटलेला गॅस झडप बंद न करता नुसता विझवला तर गॅस साचत राहतो आणि नंतर स्फोट होतो. टाकीजवळ ज्वाळा असेल तर झडपेच्या मागे लागू नकोस, लांब जा आणि लोकांनाही लांब ठेव. टाकीची दाब चाचणी दर ३ वर्षांनी असते, तारीख चुकवू नकोस.

तुझ्या भावाची स्कूटर बॅटरीवरची आहे, म्हणून तेही सांगतो. मार्च २०२२ मध्ये आपल्याच लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, त्याचं चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं. लिथियमच्या बॅटरीत आग आतून निर्माण होते. एक घट तापतो, तो शेजारच्याला तापवतो. वरून पावडर मारून ज्वाळा बसल्यासारखी वाटते आणि पुन्हा उठते. तिथे पुष्कळ पाणी आणि बंबच लागतो. आपण माणसं दूर न्यायची.

आणि टँकर. १३ जून २०२३ ला द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळच्या कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि चौघांचा बळी गेला. टँकर उलटलेला दिसला तर आग दिसत नसली तरी गाडी लांब थांबव, पुलाखाली तर अजिबात उभी राहू नकोस.

८. पाडवा आणि दसरा, दोन दिवस सिलिंडरचे

मी घरात एक नेम घालून घेतला आहे, तूही घे. गुढीपाडवा आणि दसरा यांच्यात साधारण सहा महिन्यांचं अंतर असतं. दोन्ही दिवशी गाडी धुतो, पूजा करतो. खंडेनवमीला तर शस्त्रंच पूजतो. त्याच ताटासमोर हा सिलिंडर आण. काटा हिरव्यात आहे का बघ. डबा उलटा करून कानाशी धर, आत पावडर सरकल्याचा आवाज आला पाहिजे. गाडीच्या हादऱ्यांनी ती दबून दगड होते, म्हणून दोन-चारदा उलटासुलटा कर. नोझल पूस. बुडाशी गंज नाही ना ते बघ. आणि तो वाण्याच्या काट्यावर ठेवून वजन कर. डब्यावर भरलेल्या सिलिंडरचं एकूण वजन लिहिलेलं असतं. गेजचा काटा फक्त दाब सांगतो, पावडर पूर्ण आहे की नाही ते वजनच सांगतं. मधल्या महिन्यांत पेट्रोल भरताना गेजवर नुसती नजर टाकली तरी पुरे.

वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घे, डब्यावर त्याच्या तारखेचं लेबल लावून घे. एक सेकंदभर जरी वापरला तरी पुन्हा भरून घ्यायचा, कारण पावडरीचे कण झडपेत अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. वापरल्यावर गाडीही लवकर साफ करून घे. आधी कोरडी पावडर ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढायची, मग धुवायचं. ओल लागली की ती ॲल्युमिनिअम आणि वायरींचे जोड खाते.

आता माझा सगळ्यात आवडता कानमंत्र. सिलिंडर भरायला द्यायची वेळ आली की तो तसाच देऊ नकोस. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात घेऊन जा आणि घरातल्या अशा माणसाच्या हातात दे ज्याने तो कधी मारला नाही. वाऱ्याला पाठ करून उभं कर. पिन ओढू दे, दाबू दे. त्या माणसाला फवाऱ्याचा धक्का कळतो, पांढरा लोट कळतो, आणि तो किती पटकन संपतो हे कळतं. मी तुझ्या बाबांना असंच शिकवलं, खंबाटकीनंतर पुढच्याच वर्षी. वापरून पाहिलेला हात घाबरला तरी चुकत नाही.

९. आग लागूच नये म्हणून

थोडक्यात सांगतो, कारण हे तुझ्या हातात आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघ. मोठा हॉर्न, जास्तीचे दिवे रस्त्यावरच्या वायरमनकडून जोडून घेऊ नकोस, आणि फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा घाल. इंजिनवर फडकं विसरू नकोस. अत्तराची बाटली, लायटर, पॉवर बँक उन्हात गाडीत ठेवू नकोस. वाळलेल्या गवतावर गाडी लावू नकोस, सायलेन्सर तापलेला असतो. पेट्रोलचा वास किंवा जळकी वायर नाकाला कळली तर घरी गेल्यावर बघू म्हणायचं नाही, तिथेच थांबायचं.

दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीवर स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण आग विझवता विझवता गेले, त्यांच्या स्मरणार्थ. वस्ताद त्या दिवशी सकाळी पथकाला रांगेत उभं करायचे, एक मिनिट गप्प राहायचे, आणि मग प्रत्येकाला आपापला सिलिंडर उचलून काटा वाचायला लावायचे. गेलेल्यांना हात जोडायचे ते असे, म्हणायचे.

आता बाकीचं बोलणं बाजूला ठेव. शनिवारी सकाळी गाडी घेऊन इकडे ये. माझ्या कपाटात स्टीलची मोजपट्टी आहे. आधी सीटखालची उंची मोजू, कागदावर लिहून घेऊ, आणि मग आजीला पुढच्या सीटवर बसवून नाना पेठेत जाऊ. डबा तिच्या हातात पेलतो की नाही, ते तीच सांगेल.